सशाचा ताप आणि पिंपरीचे पेनिसिलिन

पिंपरी-चिंचवडचे नाव घेतले की मोटारी, स्कूटरी आणि त्यांचे सुटे भाग घडवणारे कारखाने आठवतात. भोसरी ओलांडून थेट चाकणपर्यंत हा पट्टा आता जवळजवळ सलग झाला आहे. पण इथे पहिला मोठा कारखाना उभा राहिला तो औषधाचा. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले. त्याच्या आठ वर्षे आधी, १९५४ मध्ये, मुंबई-पुणे रस्त्यालगत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लिमिटेड ही सरकारी कंपनी आली. पिंपरीतली जुनी माणसे आजही तिला ‘एच. ए.’ म्हणतात. १९५५ पासून तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले आणि भोवतालच्या शेतीच्या गावांचे औद्योगिक शहर होण्याची सुरुवात झाली.

एच. ए.च्या इतिहासात टाक्या, यंत्रे, शास्त्रज्ञ, नेहरूंचे स्वप्न या सगळ्यांचा उल्लेख येतो. सशांचा आणि पांढऱ्या उंदरांचा येत नाही. वास्तविक त्यांच्याशिवाय या कारखान्यातून इंजेक्शनची एकही बाटली कायदेशीरपणे बाहेर पडू शकली नसती. गोळी पोटात जाते, तिथे शरीराला तिच्याशी झुंजायला थोडा अवकाश मिळतो. सुईने टोचलेले द्रव्य थेट रक्तामांसात जाते. त्यात काही वाईट असेल तर ते काढून घेता येत नाही. म्हणून औषध आधी कोणाच्या तरी अंगात टोचून पाहायचे, ही अट इंजेक्शनच्या जन्मापासून त्याला चिकटलेली आहे. हे ‘कोणाच्या तरी’ म्हणजे कोण, याचा इतिहास आपल्याकडे प्लेगपासून सुरू होतो, आणि त्यात चिंचवडचाही वाटा आहे.

१८९६ च्या ऑक्टोबरमध्ये वाल्डेमार हाफकिन हा शास्त्रज्ञ मुंबईत उतरला. मांडवी भागात प्लेगने माणसे पटापट मरत होती. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला काम करायला थोडीशी जागा आणि मोजकी माणसे मिळाली. त्याने मटणाच्या रश्श्यात प्लेगचे जंतू वाढवले. रश्श्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की जंतूंची वाढ त्या तुपाला धरून खाली लोंबत जाते, असे त्याला दिसले. मग जंतूंनी भरलेला तो रस्सा तापवून त्यातले जंतू मारले आणि मेलेल्या जंतूंचे ते द्रव्य सशांना टोचले. पुढे त्याच सशांना जिवंत प्लेगचे जंतू दिले. टोचलेले ससे वाचले. डिसेंबर संपेपर्यंत हे एवढे त्याच्या हाती आले होते.

सशांनंतर हाफकिनने सुई स्वतःला टोचून घेतली. तारीख होती १० जानेवारी १८९७. नंतर सर्वसामान्यांना दिला जाणार होता त्याच्या कितीतरी पट मोठा डोस त्याने घेतला. ताप चढला, टोचलेली जागा दुखली, आणि काही दिवसांत तो उठून कामाला लागला. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या कैद्यांपैकी जे तयार झाले त्यांना लस टोचण्यात आली. न टोचलेल्यांत बारा जण आजारी पडले आणि सहा मेले. टोचलेल्यांत दोघे आजारी पडले, मेला कोणीच नाही. आधी ससा, मग शास्त्रज्ञ, मग कैदी. ही क्रमवारी आज वाचताना मनात कालवाकालव होते. ‘तयार झालेला’ कैदी किती स्वतंत्र असतो, हा प्रश्न त्या वेळी कोणी विचारल्याचे दिसत नाही.

त्याच साथीने पुण्याला गाठले. वॉल्टर रँडच्या प्लेग कमिटीने घरोघर झडत्या घेतल्या, माणसे छावण्यांत नेली, सामान जाळले. चिंचवडच्या चापेकर बंधूंनी २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळी झाडली आणि पुढे तिघेही भाऊ फासावर गेले. हा इतिहास मराठी घराघरांत माहीत आहे. त्याची एक बाजू मात्र कमी बोलली जाते: सरकारी माणूस आपल्या अंगाला हात लावतो, याविषयी लोकांच्या मनात त्या वर्षी जी भीती आणि चीड बसली, तिचा फटका लशीलाही बसला. सुईत काय आहे, हे सांगणाऱ्यावर विश्वास नसेल तर भायखळ्याचे आकडे कोण ऐकून घेणार?

आणि विश्वासाला खरोखरच तडा जावा अशी घटना १९०२ मध्ये घडली. पंजाबातल्या मुलकोवाल गावी हाफकिनची लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मेले. सगळ्यांना एकाच बाटलीतून लस दिली होती. हाफकिनवर ठपका आला, त्याचे काम काढून घेण्यात आले. बाटलीचे बूच उघडताना गावातच हयगय झाली होती, हे नंतर पुढे आले. १९०७ मध्ये नामवंत शास्त्रज्ञांनी जाहीरपणे त्याची बाजू घेतली, पण तोवर त्याची उमेद खचली होती. परळच्या ज्या प्रयोगशाळेने ही लस बनवली, तिला १९२५ मध्ये हाफकिनचे नाव दिले गेले.

मुलकोवालने शिकवले ते पुढच्या सगळ्या औषधनिर्मितीला पुरले. लस चांगली आहे हे एकदा सिद्ध करून भागत नाही. या बाटलीत, या खेपेत, आज भरलेल्या मालात काय आहे, हे दर वेळी तपासावे लागते. प्राण्यांचा उपयोग शोधापुरता होता, तो आता रोजच्या पहाऱ्यासाठी होऊ लागला.

पेनिसिलिनच्या शोधातला उंदीर प्रसिद्ध आहे, म्हणून त्याची गोष्ट थोडक्यात सांगतो. अलेक्झांडर फ्लेमिंगला १९२८ मध्ये लंडनमध्ये बुरशीचा गुण दिसला. बुरशीचे पाणी त्याने एका सशाला आणि एका उंदराला टोचले, आणि ते विषारी नाही एवढे नोंदवले. पण आजारी प्राण्याला टोचून ते रोग बरा करते का, हे त्याने पाहिले नाही. ते ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली यांनी पाहिले. २५ मे १९४० रोजी त्यांनी आठ उंदरांना स्ट्रेप्टोकॉकस जंतूंचा जीवघेणा डोस दिला. चौघांना नंतर पेनिसिलिन टोचले. हीटली रात्रभर त्यांच्यापाशी बसून राहिला. पहाट होण्यापूर्वी औषध न मिळालेले चारही उंदीर मेले होते. औषध मिळालेले जिवंत होते. ऑगस्टमध्ये हा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि पुढच्या फेब्रुवारीत अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला पहिले उपचार झाले. तो सुधारू लागला होता; औषध संपले आणि तो मेला.

या यशात दैवाचा मोठा हात होता. ऑक्सफर्डच्या मंडळींनी उंदीर निवडले. त्यांनी गिनीपिग निवडले असते तर? १९४३ मध्ये अमेरिकेत दिसून आले की पेनिसिलिनने गिनीपिग मरतात. त्यांच्या आतड्यातले उपयोगी जंतू नाहीसे होतात, त्यांची जागा घातक जंतू घेतात आणि प्राणी दगावतो. पहिल्या चाचणीत गिनीपिग मेले असते तर पेनिसिलिन विषारी ठरवून बाजूला टाकले गेले असते, असे मानायला पुरेसा आधार आहे. उलट, माणसांपैकी काहींना पेनिसिलिनची जी तीव्र ॲलर्जी येते, क्षणात रक्तदाब कोसळून माणूस जाऊ शकतो, ती उंदरांनी कधी दाखवली नाही. म्हणून तर आपल्याकडे डॉक्टर आधी हाताच्या कातडीखाली किंचित औषध टोचून वाट पाहत बसायचे. प्राणी जे सांगतो ते खरे असते, पण ते त्याच्या शरीरापुरते खरे असते.

स्वातंत्र्याच्या वेळी भारतात पेनिसिलिन परदेशातून यायचे. न्यूमोनिया, बाळंतरोग, उपदंश, जखमांतला पू यांनी माणसे मरत आणि औषध दूर व महाग असे. हे औषध आपल्याच देशात, सरकारी मालकीच्या कारखान्यात बनले पाहिजे, असा आग्रह धरणाऱ्यांत मेजर जनरल साहिब सिंग सोखी आघाडीवर होते. ते १९३२ ते १९४९ या काळात हाफकिन संस्थेचे संचालक होते, त्या पदावरचे पहिले भारतीय. नंतर ते जागतिक आरोग्य संघटनेत गेले. १९५१ मध्ये भारत सरकार, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्यात करार झाला. युनिसेफने परदेशी यंत्रसामग्री दिली, आरोग्य संघटनेने तंत्रज्ञ आणि प्रशिक्षण दिले, आणि जमीन, इमारती व बाकीचा खर्च सरकारने उचलला. रेल्वे, मुंबईचा रस्ता आणि पवनेचे पाणी हाताशी असलेल्या पिंपरीत कारखाना झाला. परळच्या प्लेग प्रयोगशाळेचा वारसा सोखींच्या रूपाने पिंपरीपर्यंत आला, असे म्हणायला हरकत नाही.

पेनिसिलिन बनवणे म्हणजे बुरशीला मोठमोठ्या टाक्यांत खायला घालून वाढवणे, हवा खेळती ठेवणे, तिने सोडलेले द्रव्य गाळून शुद्ध करणे आणि त्याचे स्फटिक निर्जंतुक बाटल्यांत भरणे. यातल्या कुठल्याही पायरीवर दुसरा जंतू शिरला की टाकी फुकट जाते. पण शिरलेला जंतू मारला म्हणजे धोका संपला, असेही नाही. हे समजायला वैद्यकाला बराच काळ लागला आणि ते समजले सशांमुळे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डॉक्टर एका कोड्याने हैराण होते. सलाईन किंवा औषध उकळून, जंतू मारून टोचले तरी काही रुग्णांना तासाभरात थंडी वाजून ताप भरायचा. अमेरिकेत फ्लोरेन्स सायबर्ट यांनी १९२३ मध्ये दाखवले की दोष औषधात नसतो, पाण्यात असतो. पाण्यात वाढलेले जंतू मेल्यावरही त्यांच्या कवचाचे अंश उरतात. उकळून ते जात नाहीत, गाळणीतून निसटतात, आणि रक्तात गेले की ताप आणतात. त्यांचा पत्ता सायबर्टना लागला तो सशांच्या अंगात पाणी टोचून आणि त्यांचा ताप मोजून. ससा या बाबतीत माणसासारखाच हळवा निघाला. १९४२ मध्ये अमेरिकेच्या आणि १९४८ मध्ये ब्रिटनच्या औषधसंहितेत ही चाचणी आली, आणि पुढे भारतीय औषधसंहितेनेही ती घेतली. ‘पायरोजन टेस्ट’ हा शब्द इंजेक्शन बनवणाऱ्या प्रत्येक कारखान्यात रोजचा झाला.

चाचणी अशी असते. दीड किलोच्या वरचे, धडधाकट ससे निवडायचे. ससा भेदरला की त्याचे तापमान बदलते, म्हणून त्यांना आधी सवय लावायची. चाचणीच्या खोलीत गोंगाट नको, ऊन-थंडीचा फेर नको. लाकडी किंवा धातूच्या खोड्यात मान अडकवून ससा बसवायचा, मान सोडून बाकी शरीर त्याला हलवता यावे इतपत. तापमापक गुदद्वारात. आधीचे तापमान नोंदवायचे, मग कोमट केलेले औषध कानाच्या कडेच्या शिरेत हळूहळू टोचायचे आणि पुढचे तीन तास ठरावीक वेळाने ताप पाहत राहायचे. पहिल्या फेरीत तीन ससे. एकाचाही ताप ०.६ अंशाने वाढला नाही आणि तिघांची वाढ मिळून १.४ अंशांच्या आत राहिली, तर खेप पास. नाही तर आणखी पाच सशांवर पुन्हा चाचणी, आणि आठांची वाढ मिळून ३.७ अंशांच्या वर गेली तर खेप नापास. सारे आकडे सेल्सिअसचे.

म्हणजे लाखमोलाचा माल, टाक्यांत दिवसचे दिवस वाढवलेली बुरशी, शेकडो माणसांचे श्रम, हे सगळे शेवटी सशाच्या अंगातल्या अर्ध्या-पाऊण अंशावर ठरत असे. शिवाय वेगळी ‘टॉक्सिसिटी’ची चाचणी असे. पाच पांढऱ्या उंदरांना औषध टोचायचे आणि ते दिवसभर कसे वागतात ते पाहायचे: अंग चोरून कोपऱ्यात बसतात का, केस फुलतात का, धाप लागते का, मरतात का. औषधाचा अंगावर आणि वागण्यावर होणारा परिणाम वाचणे हे प्राणिगृहातल्या माणसांचे कसब असे. पिंजरे साफ करणारा, दाणापाणी देणारा माणूस ससा नेहमीसारखा नाही हे तापमापकाच्या आधी ओळखतो, असे या क्षेत्रातले लोक सांगतात, आणि ते पटण्यासारखे आहे. औषधाच्या इतिहासात अशा माणसांची नावे येत नाहीत. त्यांची नोंद झाली नाही ही आपली उणीव आहे.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला एच. ए.त स्ट्रेप्टोमायसिनही बनू लागले, अमेरिकेच्या मर्क कंपनीच्या तंत्रसाहाय्याने. क्षयावरचे हे पहिले खरे औषध. त्याच्या मुळाशी पुन्हा प्राणी आहेतच. १९४४ मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकचे विल्यम फेल्डमन आणि कोर्विन हिनशॉ यांनी क्षयाची लागण केलेल्या गिनीपिगांना ते टोचले आणि प्राणी सुधारताना पाहिले. पेनिसिलिनने ज्या गिनीपिगचा बळी घेतला, त्यानेच स्ट्रेप्टोमायसिनचा मार्ग दाखवला. पण रुग्णांना हे औषध महिनोन्‌महिने टोचावे लागे, आणि काहींना चक्कर येई, चालताना तोल जाई, कानात आवाज येत. याचे कारण शोधताना मांजरांचा उपयोग झाला. उंचावरून पडताना हवेतच वळून पायांवर उतरणारे मांजर या औषधाच्या मोठ्या डोसांनी झोकांड्या खाऊ लागते, कारण आतल्या कानातली तोल सांभाळणारी पेशींची रचना बिघडते. माल तपासण्यासाठीही मांजर वापरले जाई. मांजराला भूल देऊन त्याचा रक्तदाब मोजत औषध टोचायचे आणि अशुद्ध अंशांमुळे दाब किती उतरतो ते हिस्टामिनशी ताडून पाहायचे. भुलीतून ते मांजर सहसा परत उठवले जात नसे.

या प्रयोगांचे वर्णन वाचताना त्रास होतो, आणि तो व्हावा. त्याच वेळी स्ट्रेप्टोमायसिन येण्यापूर्वी घरात क्षय शिरला की काय व्हायचे, हे ज्यांनी आजी-आजोबांकडून ऐकले आहे त्यांना दुसरी बाजूही ठाऊक आहे. या दोन्ही गोष्टी एकत्र मनात ठेवल्याशिवाय या इतिहासाला न्याय देता येत नाही.

पिंपरीने फक्त परदेशी औषधे बनवली नाहीत. एम. जे. तिरुमलाचार हे बुरशीशास्त्रज्ञ एच. ए.च्या संशोधन विभागात होते. मातीतले सूक्ष्मजीव गोळा करून त्यातून नवी प्रतिजैविके शोधण्याचे काम त्यांचा गट करत होता. १९६१ मध्ये त्यांनी ‘हमायसिन’ जाहीर केले. ज्या जीवापासून ते मिळाले त्याला त्यांनी ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ असे नाव दिले. पवनेकाठच्या या गावाचे नाव असे जगाच्या सूक्ष्मजीवशास्त्रात नोंदले गेले आहे, हे पिंपरीकरांपैकी किती जणांना माहीत असेल?

हमायसिन बुरशीवरचे औषध होते. त्या काळी शरीरात खोल शिरलेल्या बुरशीवर डॉक्टरांच्या हाती फारसे काही नव्हते. अँफोटेरिसिन होते, पण ते शिरेतून द्यावे लागे आणि मूत्रपिंडांना जड जाई. हमायसिनविषयी आशा वाटली ती उंदरांमुळे: बुरशीची लागण झालेल्या उंदरांना ते तोंडावाटे दिले तरी गुण येत होता. साठच्या दशकात अमेरिकेत फुप्फुसांपर्यंत पोचणाऱ्या गंभीर बुरशीरोगांच्या रुग्णांना ते देऊन पाहण्यात आले. माणसांत मात्र ते रक्तात भरवशाने उतरले नाही, आणि उतरले तेव्हा त्याचे विषारी परिणाम दिसले. कारण सरळ आहे. या जातीची औषधे बुरशीच्या पेशीचे आवरण भेदतात, आणि आपल्या पेशींचे आवरण त्याहून फार वेगळे नसते. शेवटी हमायसिन तोंडातली, योनिमार्गातली, कानातली बुरशी अशा वरवरच्या संसर्गांसाठी राहिले. तिथे त्याने वर्षानुवर्षे चांगले काम केले. उंदराने दिलेली आशा माणसात खरी ठरली नाही, हे गिनीपिगच्या गोष्टीचे दुसरे टोक. मला तिरुमलाचार यांच्या कामाचे मोल त्याने कमी वाटत नाही. परदेशी कंपन्यांच्या तंत्रावर उभ्या असलेल्या कारखान्यात स्वतःचे औषध शोधायचे धाडस त्या माणसांनी केले.

याच काळात दिल्लीत प्राण्यांच्या बाजूने आवाज उठत होता. नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत प्राण्यांच्या छळाविरुद्ध खासगी विधेयक मांडले. नेहरूंनी सरकारच कायदा आणेल असे आश्वासन दिले आणि १९६० मध्ये प्राणी क्रूरता प्रतिबंध कायदा झाला. पेनिसिलिनच्या कारखान्यासाठी झटणारे नेहरू आणि हा कायदा आणणारे नेहरू एकच. कायद्याने प्राण्यांवरचे प्रयोग बंद केले नाहीत. त्यांच्यावर देखरेखीसाठी समितीची तरतूद केली. ती तरतूद बराच काळ बरीचशी कागदावर राहिली. १९९० च्या दशकात मनेका गांधी यांच्या पुढाकाराने तपासण्या सुरू झाल्या आणि देशातल्या अनेक प्रयोगशाळांतले दाटीवाटीचे पिंजरे, आजारी जनावरे आणि ढिसाळ नोंदी चव्हाट्यावर आल्या. १९९८ च्या नियमांनी प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेत नैतिक समिती बंधनकारक झाली. काही शास्त्रज्ञांनी तेव्हा तक्रार केली की संशोधन अडेल. माझ्या मते ही शिस्त चार दशके उशिरा आली. भेदरलेल्या, रोगट प्राण्यावर केलेल्या चाचणीचा निष्कर्षही रोगटच असतो, हे शास्त्रज्ञांनाच आधी सांगायला हवे होते.

सशाची सुटका मात्र कायद्यापेक्षा एका खेकड्यामुळे अधिक झाली. फ्रेडरिक बँग यांना १९५६ मध्ये दिसले की नालेच्या आकाराच्या समुद्री खेकड्याचे निळसर रक्त जंतूंच्या संसर्गाने गोठते. जॅक लेव्हिन यांच्यासह त्यांनी त्यातून चाचणी घडवली. ताप आणणारा अंश औषधात असेल तर नळीतले खेकड्याच्या रक्ताचे द्रव्य घट्ट होते. सशाच्या तीन तासांऐवजी तासाभरात उत्तर, आणि तेही अधिक अचूक. यातही खेकड्यांचे रक्त काढावे लागते आणि त्यातले काही मरतात. म्हणून सिंगापूरमध्ये त्या रक्तातला कळीचा घटक प्रयोगशाळेत बनवण्यात आला. आता माणसाच्या रक्तपेशींवरच चाचणी करण्याची पद्धतही मान्य झाली आहे. २०१८ च्या भारतीय औषधसंहितेने सशांच्या चाचणीला या पर्यायांची वाट मोकळी करून दिली. २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांतही प्राण्यांऐवजी इतर पद्धती वापरण्यास मान्यता मिळाली.

एच. ए.ला मात्र हा बदल सुखाने पाहता आला नाही. उदारीकरणानंतर चीनमधून स्वस्त पेनिसिलिन येऊ लागले आणि पिंपरीचा माल त्या किमतीला टिकेना. कंपनी आजारी उद्योगांच्या यादीत गेली, कामगारांचे पगार रखडले. २०१६ च्या डिसेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्या निर्गुंतवणुकीचा निर्णय घेतला. आपल्याच देशात पेनिसिलिन बनले पाहिजे, हा सोखींचा आग्रह किती दूरदृष्टीचा होता, हे कोविडच्या काळात कच्च्या औषधांसाठी चीनकडे पाहावे लागले तेव्हा पुन्हा लक्षात आले. स्वस्ताईच्या नावाखाली हा कारखाना खचू देणे ही मोठी चूक होती.

ससा मागे सरला तरी पिंपरीत एक प्राणी अजून कामावर आहे. हाफकिन संस्थेचा उत्पादन विभाग १९७० च्या दशकात वेगळा होऊन हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळ झाले. त्या महामंडळाचे घोडे पिंपरीत आहेत. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांचे विष अत्यंत अल्प मात्रेपासून सुरू करून, हळूहळू वाढवत घोड्यांना टोचले जाते. घोड्याचे शरीर त्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करते. मग ठरावीक काळाने त्याचे रक्त काढून त्यातून सर्पदंशावरचे औषध बनते. टोचल्या जागी सूज येते, काहींना गळवे होतात. किती रक्त काढायचे, किती विसावा द्यायचा, यावर आता नियम आहेत आणि तांबड्या पेशी घोड्याला परत देण्याची पद्धत आहे. तयार औषधाची ताकद मोजायला उंदीर लागतात: विष आणि औषध मिसळून त्यांना टोचायचे आणि किती जगतात ते पाहायचे. आपल्याकडच्या मानकाप्रमाणे एक मिलिलिटर औषधाने नागाचे ०.६ मिलिग्रॅम आणि मण्यारीचे ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ केले पाहिजे.

या घोड्यांना आणि उंदरांना आज पर्याय नाही. प्रयोगशाळेत बनवलेल्या प्रतिद्रव्यांवर जगभर काम चालू आहे, पण ते दवाखान्यापर्यंत पोचलेले नाही. आणि भारतात २००० ते २०१९ या काळात दर वर्षी सरासरी ५८,००० माणसे सर्पदंशाने मेली, असा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्यातली बहुतेक खेड्यातली, शेतावर राबणारी. जिथे पर्याय आहे तिथे ससा खोड्यात बसवणे यापुढे चुकीचे आहे. जिथे पर्याय नाही तिथे घोड्याची नीट निगा राखून हे काम चालू ठेवले पाहिजे, आणि पर्याय शोधणाऱ्यांना पैसा दिला पाहिजे.

आणि वाचकांना एक विनंती. हे औषध सरकारी रुग्णालयांत मोफत मिळते, तरी कितीतरी माणसे मांत्रिकाकडे किंवा दंशाची जागा कापण्या-चोखण्यात पहिले मोलाचे तास घालवतात. साप चावला तर आवळून बांधू नका, कापू नका, चावलेला हात-पाय हलू न देता थेट जवळच्या सरकारी रुग्णालयात न्या. आपल्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात या औषधाच्या कुप्या आहेत का, हे पावसाळ्याआधी विचारून ठेवा.